सरकलेला लाल

नवं कोरं, सुबक छापलेलं टपालतिकीट दाखवलं की वामनकाकांचं तोंड उतरतं. "याच्यात काय हाय?" म्हणून ते परत देतात.

तेलंगणातल्या इंद्रवेल्लीत आमच्या शेजारी काकांचं भांड्यांचं दुकान. छंद तिकिटांचा, पण तिकीट बिघडलेलंच हवं. प्रत्येक रंग वेगळा छापतात, मधे कागद केसभर हलला की रंग जागा सोडतो, हे त्यांनी मला अनेकदा सांगितलंय. त्यांच्याकडच्या एका मोराचा निळा रंग मागच्या झाडावर जाऊन बसलाय. तो मोर बघताना काका गिऱ्हाईक विसरतात.

इतकी वर्षं इथं राहून तेलुगूचं एकच वाक्य त्यांना अस्खलित येतं, "रंगु पक्ककि जरिगिंदा?" म्हणजे, रंग बाजूला सरकलाय का? टपाल कचेरीत नवा माणूस आला की त्याला पहिल्यांदा हेच ऐकावं लागतं.

एका लग्नात पत्रिकेवरच्या गणपतीचा शेंदरी रंग सोंडेबाहेर गेलेला त्यांना दिसला. त्यांनी मुलीच्या बापाचा हात धरून सांगितलं, "पत्रिका लय मस्त बिघडली तुमची." तो गृहस्थ अजून त्यांच्याशी बोलत नाही. काकू मात्र त्या दिवशी पदर तोंडाला लावून घरी येईपर्यंत हसत होत्या.

मागच्या वर्षी काकू गेल्या. काकांनी टपाल कचेरीत जाणं सोडलं. तिकिटं बघायच्या भिंगावर धूळ बसली. मग मीच सुचवलं, आपल्या माणसाचा फोटो तिकिटावर छापून मिळतो, काकूंचा देऊ. ते नुसतं हो म्हणाले, पण फोटो निवडायला त्यांना आठवडा लागला.

तिकिटांचं पान आलं, आणि मला आनंद लपवता येईना. लाल रंग सरकला होता. प्रत्येक तिकिटावर काकूंचं कुंकू कपाळ सोडून डाव्या भुवईवर आलं होतं. जन्मभर जे शोधलं ते घरी चालत आलं, असं मी म्हणालोसुद्धा.

काकांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "तुयी काकू रोज आरशात पाहून लावे. जरा बाजूला गेलं तं पुसून पुन्ना लावे."

दुसरं पान मागवू, असं मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तोवर हिला असंच ठेवायचं काय, म्हणाले.

ते उठले आणि आतून काकूंचा कुंकवाचा करंडा घेऊन आले. आगकाडीचं टोक पाण्यात भिजवलं, कुंकवात बुडवलं आणि पहिल्या तिकिटावर, दोन भुवयांच्या मधोमध, हलकेच टेकवलं. टिकली हलू नये म्हणून मनगट दुसऱ्या हातानं धरलं होतं.

मी म्हटलं, "काका, आता हे कोणी जमवणारा घेणार नाही."

"कोनाले देयाची हाय?" म्हणाले, आणि फुंकर घालून पुढच्या तिकिटाकडे वळले.