देवडीला स्थगिती

म्हैसूरच्या मराठी बोलण्यातून ‘देवडी’ हा शब्द नामशेष झाला आहे, असा ठराव शब्दसंवर्धन समितीने शहरातल्या हिनकल भागातल्या एका अपार्टमेंटच्या क्लबहाऊसमध्ये एकमताने मंजूर केला. समितीचे अध्यक्ष विश्राम पाटणकर आणि चिटणीस सिंधू पाटणकर हे जोडपं नोकरीनिमित्त पुण्याहून आलेलं. त्यामुळे इथल्या मराठीतून काय काय गेलं, याची त्यांना स्पष्ट कल्पना होती. सभेचं कामकाज सर्वांच्या सोयीसाठी इंग्रजीत चाललं. देवडी म्हणजे मुख्य दारातून आत शिरताच लागणारी, पहारेकऱ्यांनी बसायची जागा, ही व्याख्या मात्र मराठीत नोंदवण्यात आली.

ही बातमी त्याच शहरातल्या नजरबादच्या वेंकोजीरावांना कळली तेव्हा ते देवडीत बसून चपलेचा अंगठा शिवत होते.

वेंकोजीरावांचे पणजोबा राजवाड्यावर शिपाई होते. ते स्वतः वीज खात्यात मीटर वाचायला होते, चौतीस वर्षांनी निवृत्त झाले. घर दोन खोल्यांचं. दारापासून पहिल्या खोलीपर्यंत चार फूट रुंदीची जागा होती आणि तिथे स्कूटर, गॅसचा सिलिंडर आणि शेजाऱ्यांचं कुत्रं असे तिघे राहत. या जागेला घरात कायम देवडीच म्हणत. आपला शब्द मेला हे ऐकून वेंकोजीरावांना वाईट वाटलं नाही, उलट छाती फुगली. मोठ्या शिकलेल्या माणसांना हवी असलेली वस्तू पहिल्यांदाच त्यांच्या घरात निघाली होती.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते हिनकलला गेले. “तो शब्द आमच्या घरात हाय की,” ते म्हणाले. “रोज लागतोय.”

विश्रामरावांना आनंद झाला, पण समितीचं काम आनंदावर चालत नव्हतं. त्यांनी नमुना क्रमांक तीन पुढे सरकवला. “काका, रोजच्या वापरातली पाच वाक्यं लिहून द्या. शब्द जिवंत असल्याचा पुरावा लागतो.”

वेंकोजीरावांनी तिथेच लिहिलं. सिलिंडर देवडीत ठेव. कुत्रं देवडीत निजलंय अल्ला. स्लिपर देवडीत काढ. पाऊस आला, गाडी देवडीत घे. देवडीत सुम्ने बसू नको.

आठवड्याने कागद परत आला. ‘अल्ला’ (नाही का) आणि ‘सुम्ने’ (उगाच) कानडी, सिलिंडर आणि स्लिपर इंग्रजी, आणि पाचही वाक्यांत पहारेकरी कुठेच नाही, असा शेरा होता. वेंकोजीरावांनी रात्रभर विचार करून नवं वाक्य दिलं: ‘पणजोबा राजवाड्याच्या देवडीवर पहाऱ्याला होते.’ शेरा आला: भाषा शुद्ध, परंतु भूतकाळी, रोजच्या वापरातलं नाही. मग त्यांनी लिहिलं, ‘पहारेकरी देवडीत निद्राधीन झाला आहे.’ त्यावर शेरा होता: वाक्य उत्कृष्ट. पहारेकऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी.

पहारेकरी नाही हे त्यांनी कळवल्यावर साहजिकच जागेची पाहणी करणं आलं. सिंधूताई टेप घेऊन आल्या. कुत्र्याला ओलांडून त्यांनी लांबी मोजली, सिलिंडर सरकवून रुंदी मोजली. “दोन्ही बाजूंना ओटे नाहीत,” त्या हळहळून म्हणाल्या. “काका, ही देवडी नाही हो. हा बोळ आहे.”

“आम्ही देवडीच म्हणतो,” वेंकोजीराव म्हणाले.

“तेच तर. चुकीच्या वापराने शब्द जास्त लवकर मरतो. निकाल लागेपर्यंत या घरात त्याच्या वापराला स्थगिती देऊ या.”

वेंकोजीरावांच्या पत्नी भवानीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “मग नातीला काय सांगू? बूट कुठं काढ म्हणून?”

“तूर्तास ‘सदर जागा’ म्हणा,” सिंधूताईंनी सुचवलं.

दुसऱ्या दिवशी स्थगितीचा कागद आला. त्यावर शिक्का होता, आणि शिक्क्याचा कागद मोडणं वेंकोजीरावांच्या रक्तात नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवल्या होत्या. आता बोलता बोलता ते मध्येच थांबत. पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं होई. भवानीबाईंनी दोन दिवस ‘सदर जागा’ म्हणून पाहिलं, तिसऱ्या दिवशी त्या कानडीतलं ‘पडसाले’ म्हणू लागल्या. सहा वर्षांच्या नातीने, वाणीने, दोन्ही सोडून दिलं. “अज्जा, शूज एंट्रन्समधे हाय,” ती म्हणाली. वेंकोजीरावांच्या जिभेवर शब्द आला. त्यांनी तो गिळला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या संध्याकाळी त्यांनी स्थगिती उठवण्यासाठी अर्ज केला. विश्रामरावांनी तो सहानुभूतीने वाचला. “तुमचं म्हणणं पटतं, काका. फक्त शब्द घरात सध्या वापरात असल्याचा पुरावा जोडा.”

“सध्या नाही वापरत.”

“का?”

“तुमची स्थगिती हाय म्हणून.”

“म्हणजे वापरात नाही,” विश्रामराव म्हणाले, आणि तसं त्यांनी लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी समितीचा समारंभ झाला. पाटणकरांच्या मुलाने, जयने, ‘आमच्या देवडीत पहारेकरी सदैव दक्ष असतात’ हे वाक्य न अडखळता म्हटलं आणि शब्दाचं पुनरुज्जीवन झाल्याचं घोषित करण्यात आलं. ते कुटुंब अकराव्या मजल्यावर राहत होतं, पण खाली सिक्युरिटी होती. नंतर वेंकोजीरावांना शाल देण्यात आली. ज्यांच्या हातून शब्द निसटला त्या पिढीचे प्रतिनिधी, अशी त्यांची ओळख करून दिली गेली. दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी माइकसमोर खिशातला, अजून न उठलेल्या स्थगितीचा कागद चाचपला. मग कानडीत आभार मानून खाली उतरले. सभागृह हेलावलं. बघा, किती वाईट अवस्था आहे, असं सिंधूताई शेजारणीला म्हणाल्या.

समितीने या कार्याची हकीकत छापून गावोगावच्या मराठी वाचकांना पाठवली. उत्तरं इतकी आली की ती ठेवायला वेगळं कपाट घ्यावं लागलं. वाचून डोळे पाणावले, असं प्रत्येकाने लिहिलं होतं. आपल्या दारात शिरताच लागणाऱ्या जागेला घरात आज काय म्हणतात, ते कुणीच लिहिलं नव्हतं. आपल्यालाही वेंकोजीरावांबद्दल हळहळ वाटली असेल, तर तसं अवश्य कळवावं. कपाटात अजून एक कप्पा रिकामा आहे.