सामंतांच्या फियाटची टकटक

"इंजिन थंड असताना हात घालायचा, देव्या, आणि..."

वडिलांचं, अप्पांचं, हे वाक्य देवव्रत सामंतांच्या कानात लहानपणापासून असंच अर्धं लटकून होतं. 'आणि' म्हणून अप्पा बॉनेटमध्ये वाकले, त्याच क्षणी गेटाशी बर्फाचा गोळेवाला घंटी वाजवत आला, आणि घराण्याचा ज्ञानवारसा तिथेच तुटला. पुढे अप्पा गेले, गोळेवालाही गेला. मागे राहिली फियाट आणि ते अर्धं वाक्य.

मुलुंडच्या त्या सोसायटीत फियाट अजून अप्पांच्याच जागेवर उभी असे. दर रविवारी देवव्रत ती चालू करत, कंपाउंडमध्ये एक प्रदक्षिणा घालत, आणि कव्हर पांघरून तिला पुन्हा निजवत. त्या फेरीत इंजिनातून टकटक, टकटक आवाज येई. जातं ओढणाऱ्या बाईच्या बांगड्या वाजाव्यात तसा. आता कुणीतरी त्या आवाजाची तक्रार केली होती. कुणी, ते सेक्रेटरी चंद्रप्रकाश सांगत नव्हते.

"नाव गुप्त, सामंत. नियम आहे. रविवारी संध्याकाळी कमिटी येऊन ऐकेल. आवाज आला, तर जागा दुसऱ्याला. रांग लागलीय इथे."

जागा गेली की गाडी भंगारात जाणार, हे उघड होतं. गॅरेजचा मार्ग होता. पण अप्पांच्या इंजिनाला परक्याचा हात लागणं देवव्रतांना मंजूर नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच टॅपेटचं झाकण उघडलं.

व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यात केसाएवढी फट असते. टकटक तिथूनच येते. ती मोजायची पातळ पट्टी अप्पांच्या डब्यात होती. मोबाइलवरच्या व्हिडिओतला दाढीवाला कळवळून सांगत होता, की पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे, तेवढी फट ठेवाच. पण देवव्रतांनी विमा कंपनीत उभा जन्म लोकांचे दावे नामंजूर करण्यात घालवला होता. त्यांनी दाढीवालाही नामंजूर केला.

"फट आहे म्हणून आवाज आहे. मग फट ठेवायचीच कशाला?"

चहा घेऊन आलेली त्यांची बायको वसुधा म्हणाली, "अरे, पण अप्पा म्हणायचे..."

"वसू, जरा गप्प बस ना. काम चाललंय."

वसुधा गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा नीट, सोयीस्कर जागा बघून बसते. तिने खुर्ची आणली, मटारांची परात मांडीवर घेतली आणि नवऱ्याला फटी मिटवायला आठही स्क्रू एकेक करून करकचून आवळताना शांतपणे पाहिलं.

संध्याकाळी कमिटी आली. देवव्रतांनी रुबाबात चावी फिरवली. स्टार्टर कण्हला, इंजिन काही धरेना. पुन्हा फिरवली. बॅटरी थकली, मग उतरली. चंद्रप्रकाश कान देऊन उभे होते.

"आवाज नाही, हे मान्य," ते म्हणाले. "एवढी शांत गाडी सोसायटीत दुसरी नाही. पण सामंत, बंद गाडीलाही पार्किंग मिळत नाही. तोही नियम आहे."

"धक्का मारला की होईल चालू," देवव्रत म्हणाले.

कमिटीने वॉचमन सीतारामला बरोबर घेऊन धक्का मारला. फियाट उतारावरून घरंगळत गेली आणि गेटाच्या बरोबर मधोमध, ना आत ना बाहेर, उभी राहिली. तेवढ्यात समोरून पाण्याचा टँकर आला.

"ओ शेठ, पाणी पायजे का नको?" ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "नसेल तर पुढच्या बिल्डिंगला देतो. ते लोक गाड्या दारात लावून नाय बसत."

टाकी सकाळपासून कोरडी होती. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. आता सगळी सोसायटी देवव्रतांकडे बघत होती, आणि देवव्रत परात बाजूला ठेवणाऱ्या वसुधाकडे.

"बोल आता," ते हळूच म्हणाले.

"बोलू? नक्की?" वसुधा पदराला हात पुसत आली. "अप्पा म्हणायचे, इंजिन थंड असताना हात घालायचा, आणि टॅपेटला थोडं बोलू द्यायचं. पार गप्प केलं तर व्हॉल्व्ह मिटतच नाही, मग इंजिन धरत नाही. ते काम करायचे तेव्हा टॉर्च मीच धरायचे ना."

मग गेटातच पुन्हा झाकण उघडलं. प्रत्येक सिलिंडरसाठी इंजिन थोडं फिरवायला हवं होतं, म्हणून गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकून वीतभर ढकलायची, थांबायचं, पट्टी सरकवायची. "ढकला," वसुधा म्हणे, आणि अख्खी कार्यकारिणी ढकले. "बास," म्हणे, आणि कार्यकारिणी थांबे. एवढ्या एकमताने त्या कमिटीने आजवर कुठलाही ठराव पास केला नव्हता. वीत-वीत करत गाडीचं तोंड रस्त्यावर आलं. टँकरवाला शिव्या देत मागे सरकला. शेवटचा जोराचा धक्का बसला, आणि फियाट जागी झाली. टकटक, टकटक.

चंद्रप्रकाशांनी घाम पुसला. "चालू झाली, झकास. पण तक्रार होती तिथेच आहे, सामंत. तक्रारदाराने मागे घेतली तरच..."

"घेतली मागे," वसुधा म्हणाली.

"तू कशी घेणार?" देवव्रत चिडले. "ज्याने केली त्याने घ्यायला हवी."

"तेच करतेय."

चंद्रप्रकाश टँकरकडे बघू लागले. वसुधा वळसा घालून आली, पुढचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसली.

"किती वर्षं झाली, दर रविवारी तू हिला कंपाउंडमध्ये फिरवून आणतोस, मी वरून बघते," ती म्हणाली. "वाटलं, आवाज बंद करायला गॅरेजपर्यंत तरी नेशील. मीही बसले असते शेजारी."