अडलेलं गिऱ्हाईक

केवळाबाईंचा सगळा जीव त्या साडीत अडकलेला होता. दुपारी चारला जळकोटात त्यांच्या सत्यमचा साखरपुडा होता आणि होणाऱ्या सुनेला, पुनमला, सगळ्या पाहुण्यांदेखत नेसवायची ती डाळिंबी रंगाची साडी होती. हदगावाहून निघाल्यापासून त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती. जरीचा काठ काळा पडू नये म्हणून नवऱ्याच्या जुन्या मऊ धोतरात गुंडाळून घेतली होती. संसारी बाईची रीतच ती, पण घात झाला तो त्या रीतीनेच.

नायगावच्या बाजारात गाडीने भसकन वाफ सोडली आणि एका कापडदुकानासमोर ती जी थांबली ती थांबलीच. केवळाबाई घाबरून उतरल्या आणि साडी सीटवर राहिली. त्यांच्या नवऱ्याने, भुजंगरावांनी, तोऱ्यात बॉनेट उघडलं. वीस वर्षं ट्रॅक्टर सांभाळणाऱ्याला कार म्हणजे काय, असा त्यांचा समज.

"सत्या, फडकं दे! झाकण तापून राहिलं."

सत्यम सकाळपासून फोनमध्ये पुनमचे फोटो बघत होता. त्याने मान वर न करता सीटवर हात फिरवला आणि हाताला लागलं ते बापाच्या हाती दिलं. आपलंच जुनं धोतर पाहून भुजंगरावांनी ते बिनदिक्कत रेडिएटरच्या झाकणावर दाबलं आणि झाकण फिरवलं. उकळतं, गंजकट पाणी उसळलं आणि सगळं धोतरात जिरलं.

"हात वाचला बरं का," ते अभिमानाने म्हणाले. "धोतर लई जाड हाय."

"एवढं जाड कसं हो?" केवळाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना कळलं. त्यांनी फोडलेला हंबरडा पार चौकापर्यंत ऐकू गेला.

तो ऐकून दुकानातून तय्यबभाई बाहेर आले. पन्नाशीचे, ठेंगणे, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी काय झालं ते नंतर विचारलं. आधी तिघांना आत पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि अजहर मिस्त्रीला फोन लावला. अजहर आला, बॉनेटमध्ये डोकं घालून बाहेर आला. "पाइप फुटला. नांदेडहून यष्टीनं मागवतो. दोनला गाडी चालू," असं सांगून तो गेला. घड्याळात साडेअकरा झाले होते. दोनला निघालं तर चारच्या आत जळकोट गाठता येत होतं, पण मध्ये दहा मिनिटंही मोडायला नव्हती.

केवळाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मान वर केली. समोर मांडणीत, तिसऱ्या रांगेत, तस्साच डाळिंबी रंग!

"भाऊ, ती साडी काढा. मागाल तेवढं देते."

तय्यबभाईंनी हात मागे घेतले. "न्हाई ताई. ती द्यायची न्हाई."

"मग दुकानात कशाला ठेवली?"

"विकायलाच ठेवली. पन तुम्हाला न्हाई."

भुजंगराव ताडकन उठले. "का? आमचे पैसे खोटे हायत का?"

"बसा दादा, रागावू नका." तय्यबभाईंनी हात जोडले. "माझ्या अब्बाच्या टायमाला एका माणसाची बैलगाडी हितंच मोडली. अब्बांनी त्याला बसवलं, पाणी पाजलं. त्याला वाटलं, फुकट कसं बसावं. बिचाऱ्यानं ऐन मे महिन्यात घोंगडी घेतली! ती खांद्यावर टाकून उन्हात चालत गेला. अब्बांना हप्ताभर जेवण गोड लागलं न्हाई. म्हणले, माणूस अडला म्हणून माल घेतो, तो पैसा आपल्याला पचत न्हाई. तवापासून दुकानासमोर ज्याची गाडी अडली त्याला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, मिस्त्री आणून द्यायचा. विकायचं मातर काई न्हाई. गाडी चालू झाली की मग बोला."

"गाडी चालू झाली की आमाला पळायचं हाय," केवळाबाई म्हणाल्या. "फॉल-पिको कवा करायचं? तास लागतो त्याला. अन् मी काय लाजून घेऊन राहिले? रडून घेऊन राहिले!"

"रडून तर बिलकुल न्हाई."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे हरी पाय धरायला तयार होता, पण समोरचा पाय मागे घेत होता. अडलेल्याला पिळून काढणारे पावलोपावली भेटतात. त्याला सोडून देण्यासाठी एवढा हट्ट धरणारा माणूस भुजंगरावांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांना त्याचा राग येत होता आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

तय्यबभाईंना केवळाबाईंची तगमग बघवत नव्हती, हेही खरं. त्यांनी स्वतःच फोन काढला आणि चौकातल्या गुंडप्पाला लावला. दोघांचं वीस वर्षांचं धंद्याचं वैर. "गुंडप्पा, चांगलं गिऱ्हाईक पाठवून राहिलो. डाळिंबी साडी काढून ठेव."

 पलीकडून गुंडप्पाने काळजीने विचारलं, "तय्यबभाई, तब्येत बरी हाय ना?" तो भाचीच्या लग्नाला उदगीरला गेला होता आणि दुकान दोन दिवस बंद होतं.

मग तय्यबभाईंच्या बायकोने, रईसाने, तोड काढली. शिलाई मशीन तिचंच, फॉल-पिको तीच करायची. "विकायची न्हाई ना? मग आपण भेट देऊ. ताई, माझ्याकडून घ्या सुनेला."

"हाव! भेट चालंल," तय्यबभाई खुलले.

"आम्हाला न्हाई चालत," भुजंगराव गरजले. "सून घरात यायच्या आधीच तिला फुकटची साडी? चार एकर हाय माझी हदगावात!"

एक विकेना, दुसरा फुकट घेईना. दोघंही भले, दोघंही हटवादी, आणि दोघांच्या भलेपणात पुनमची साडी अडकली. साडेबारा वाजले. केवळाबाईंना डोळ्यांसमोर जळकोटच्या व्याह्यांचं भरलेलं घर दिसत होतं, रिकामं ताट दिसत होतं आणि आयुष्यभर ते बोलून दाखवणाऱ्या विहीणबाई दिसत होत्या.

त्यांची नजर उन्हातल्या गाडीवरून पलीकडच्या कडुलिंबाकडे गेली. मग अगदी सहज म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दुकानाची हद्द कुठपस्तोर?"

"त्या लायटीच्या खांबापस्तोर. त्याच्या पुढं बालाजीचं खताचं दुकान."

"गाडी लई तापून राहिली उन्हात. तिकडं लिंबाखाली लावली तर?"

"बसा ताई, मी हाय ना!" मदत म्हटल्यावर तय्यबभाई कशाला थांबतात? बाह्या सरसावून ते गाडीच्या मागे गेले. सत्यम स्टिअरिंगला बसला, भुजंगराव एका बाजूला लागले. "गाडीला ऊन लागतंय म्हणे," ते धापा टाकत कुरकुरले. "मला लागून राहिलं त्याचं काय?" सगळ्यात जास्त जोर तय्यबभाईंचा होता. गाडी खांब ओलांडून लिंबाच्या सावलीत गेली.

खताच्या दुकानातून बालाजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. "या पाहुणे, बसा. काय झालं गाडीला?" केवळाबाईंनी घोटभर पाणी घेतलं, त्याला बरं वाटावं म्हणून क्षणभर स्टुलावर टेकल्या आणि उठल्या. चालत खांबाच्या अलीकडे आल्या, दुकानाच्या पायरीशी चपला काढल्या आणि नव्याने आल्यासारख्या गादीवर बसल्या.

"रामराम भाऊ. साड्या दाखवा."

घाम पुसत आलेले तय्यबभाई दारातच थबकले. "ताई, मी सांगितलं ना, तुम्ही अडलेल्या..."

"हाव, अडलेली हाय. पन बालाजीभाऊच्या दारात. त्यांनी मला खत विकू नये, माझं काई म्हणणं न्हाई."

आतून रईसाचं हसू आधी आलं. तय्यबभाईंनी खांबाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, स्वतःच्या काळ्या झालेल्या तळहातांकडे पाहिलं. आपणच ढकलली होती, तक्रार करणार कुणाकडे? त्यांनी हात धुतले, तिसऱ्या रांगेतून साडी काढली आणि गादीवर उलगडली. डाळिंबी रंग सगळ्या दुकानभर झाला. केवळाबाईंनी पदर चिमटीत धरून पाहिला, जरीची उलटी बाजू पाहिली, काठ नखाने घासून पाहिला.

"कितीला?"

"साडेचार हजार."

"तीन देते. फॉल-पिको त्यातच."

"तीन?" तय्यबभाई उडालेच. "ताई, मघाशी तुम्हीच म्हणल्या ना, मागाल तेवढं देते!"

"मघाशी मी अडलेली होते, भाऊ."

 तय्यबभाईंचा चेहरा हळूहळू असा फुलत गेला, की पाहणाऱ्याला वाटावं, यांनाच कुणीतरी काहीतरी दिलं. नुकसानीत जाऊन इतका खूश झालेला दुकानदार भुजंगरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"रईसा," त्यांनी आत हाक मारली, "मशीन लाव! गिऱ्हाईक आलं."