सबनीसकाका आणि खाजेची कात्री

निशातगंजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सबनीसकाकांसमोर अंग खाजवायची कुणाची छाती होत नाही. खाजवलंत की हात धरलाच म्हणून समजा. "थांबा! आधी सांगा, कशी सुटली? मुंग्या चालल्यासारखी की टोचल्यासारखी?" परवा लिफ्टमध्ये गॅसवाल्या भैयाचाच हात धरला. "अरे साहब, मच्छर है!" तो म्हणाला. काका बिचारे हिरमुसले.

काका मूळचे साताऱ्याचे. इकडे उत्तरेत एका औषध संशोधन संस्थेत त्यांचं अख्खं आयुष्य गेलं, तेही एकाच रिसेप्टरमागे. रिसेप्टर म्हणजे काय, हे विचारायची दुर्बुद्धी मला एकदा झाली.

"हे बघ सुनीता, रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची घंटा. माझ्या रिसेप्टरचं शेपूट पेशीच्या बाहेर लोंबत असतं. बाकीच्यांना चेतवायला बाहेरून कुणीतरी यावं लागतं. ह्याचं तसं नाही. प्रोटिएज नावाची, प्रथिनं कापणारी कात्री येते, शेपटाचं टोक छाटते, आणि उरलेलं शेपूट वळून आपल्याच रिसेप्टरचं बटण दाबतं! रक्त गोठणं, सूज, दमा, खाज, सगळीकडे हा लबाड आहेच." मग माझ्याच दुधाच्या पिशवीचा कोपरा कचकन कापला. "आता हा चिकटव बरं परत! तसंच. एकदा कापलं की तो रिसेप्टर पेशीला मोडीतच काढावा लागतो." दूध ओट्यावर, चहा गार.

काकांना चौकात कबाब खायला नेलं, तर तिथंही तेच. "मांसाला कच्ची पपई लावता ना? तिच्यातही कात्रीच!" कबाबवाला म्हणाला, "हाँ डॉक्टर साहब, पर लाइन मत रोकिए."

मग काकूंच्या किडन्या गेल्या. डायलिसिस आलं आणि मागोमाग अंगभर खाज. काय बाई नशीब! मलमं झाली, गोळ्या झाल्या, काकू रक्त येईस्तोवर खाजवायच्या. निवृत्त झालेले काका संस्थेत जाऊन विचारायचे, "काही औषध निघालं का रे?" जुने विद्यार्थी चहा मागवायचे. काकूंच्या खाजेत त्या रिसेप्टरचा हात किती, हेसुद्धा कुणाला नक्की सांगता येईना.

गेल्या महिन्यात दुपारी खिचडी द्यायला गेले, तर काका खुर्चीत ताठ बसलेले. बाही वर, हात लालबुंद, डोळ्यांत पाणी. शेजारी डबीत खाजकुयलीची कुसं. लॅबमध्ये खाज अभ्यासायला ती हातावर लावतात म्हणे. तिच्यातही तसलीच कात्री असते.

"वेड लागलंय का काका? धुवा आधी!" मी ओरडलेच.

"हळू बोल गं. ती एकटीच सोसते. मी नुसतं बघत बसू?"

मी तडक आत गेले. काकू पलंगावर, दोन्ही हात शालीत गच्च आवळलेले, कपाळ घामानं भिजलेलं.

"थांबली का काकू खाज?"

"कसली थांबतेय," त्या कुजबुजल्या. "पण मी खाजवलं की हे त्या डबीला हात घालतात. ह्यांना सांग, मला आता बरं वाटतंय."

बाहेर येऊन मी ते खोटं सांगितलं. काकांनी बाही खाली ओढली. हाताची मूठ मांडीवर दाबून म्हणाले, "तिला म्हणावं, माझीही थांबली."