किसनाचा डावा पाय

१९९९ सालची गोष्ट. किसना तेव्हा बासष्ट वर्षांचा, मीही तेवढाच. उजव्या पायात वहाण आणि डावा पाय पाण्याच्या घमेल्यात, असा तो ओट्यावर बसायचा आणि पायाशी बोलायचा. "काय पाव्हणं, आज मिजास कशी हाय?"

मणक्यात नस दबली म्हणून त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. पाठ बरी झाली, पण डावा पाय बिनसला. कधी लालबुंद होऊन इंगळावर धरल्यासारखा जळायचा, कधी निळसर, थंडगार पडायचा. कातडी चकचकीत झाली. धोतराचा काठ लागला तरी किसना ओरडायचा. डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं आणि सगळं बराबर आहे म्हणाले. किसना तिथंच बोलला, "कागदात बराबर हाय तर त्या कागदालाच चालवत न्या साखऱ्याच्या बाजारापर्यंत."

त्याची बायको गयाबाई मला म्हणायची, "भाऊजी, चाळीस वर्षांत माझ्याशी बोलले न्हाईत तेवढं त्या पायाशी बोलून राहिले."

हसू यायचं. पण त्या पायाची किंमत गावाला माहीत होती. पाऊस उघडल्यावर जमीन वापशावर आली का, म्हणजे चिखल सरून पेरण्याजोगी ओल राहिली का, ते किसना अनवाणी डावा पाय टाकून सांगायचा. तो "पेरा" म्हणाला की गावातल्या पेरणीच्या तिफणी निघायच्या.

मी एकदा म्हणालो, "आता उजवा टाकून बघ की."

"उजवा अडाणी हाय. तुझ्यासारखा."

त्या साली हरभऱ्याच्या वक्ताला त्यानं माझ्या वावरात डावा पाय टाकला, डोळे मिटले आणि "पेरा" म्हणाला. मी तिफण जुंपली. दहा पावलांत बी पडायच्या नळ्या चिखलानं बुजल्या, बैलांची खुरं रुतली. बांधावरची माणसं खदखदून हसली. मी हसू ऐकून घेणारा माणूस नाही. दिवस मावळायच्या आत त्याला झापायला निघालो.

तो घरी नव्हता. चढावरच्या आपल्या वावरात एकटाच बसला होता. डावा पाय घोट्यापर्यंत मातीत खुपसलेला, दात आवळलेले.

"काहून खोटं बोललास रे?"

"कळत न्हाई म्हणलो असतो, तर पुन्हा इचारलं असतं का कुनी मला?" मग तो पायाकडं बघत राहिला. "पाच महिने झाले, नामदेवा. जाळ कळतो, बर्फ कळतो. माती कळत न्हाई. सपनात पाय टाकतो तर अशी गार लागती, मऊ लागती... उठलो की पुन्हा ह्यो पाव्हणा. मातीला माझी वळखच राह्यली न्हाई."

झापायचं राहूनच गेलं. धीर द्यायला मला येत नाही. तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहाणा घरी ठेवून त्याच्या दारात गेलो. "चल," म्हणालो. दंडाला धरून वावरात नेलं आणि त्याच्या मातीत मी माझा पाय टाकला.

"गार हाय. बोटांना चिकटत न्हाई. टाच दाबली तर दबती, पण पानी सुटत न्हाई."

किसनानं डोळे मिटले होते. "आजून सांग."

मी सांगत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडून खाली पाहिलं.

"उजवा टाकलास व्हय रे?"

मी गुमान उजवा उचलला आणि डावा ठेवला.