शाकाहारी गळ

ज्या घरात अंडं हा शब्दसुद्धा तोंडातून काढायची सोय नाही, त्या घरात राहून मी मासे धरायचा नाद लावून घेतला. (शहाणपण माझ्याकडं कधी मुक्कामाला आलंच नाही.) दोष सगळा रत्नदीपचा. तो ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि रविवारी हिप्परग्याच्या तलावावर. एकदा मला घेऊन गेला. मासा धरला, निरखला, सोडून दिला. म्हटलं, धरून सोडायचा तर पाप कसलं?

"विकतचा जिग कशाला? स्वतः बांधा की," रत्नदीप म्हणाला. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. त्याला पिसं, दोरा, जर गुंडाळली की माशाला वाटतं, बारकी मासोळीच आली.

आता सामान. सोलापुरात दोऱ्याला आणि जरीला काय तोटा? शुक्रवार पेठेतल्या शेजाऱ्यानं लाल रेशीम आणि जर फुकट दिली. घाम काढला तो पिसांनी. जन्मात पहिल्यांदा कोंबडीच्या दुकानासमोर उभा राहिलो, तोंडाला रुमाल बांधून.

"साब, मुर्गी नक्को, खाली परां होना?"

"हां. गर्दन के. चमकनेवाले."

"दवा के वास्ते?"

"हां," मी म्हणालो. (नाद हाही आजारच की!)

भीती एकच होती, सासऱ्यांची. धुळाप्पामामा अक्कलकोटचे. लसणाचा वास आला तरी उपरणं नाकाला लावणारा माणूस. त्यांना कळलं असतं तर त्यांनी लेकीला माहेरी नेलं असतं आणि जावयाला उंबरा बंद केला असता. म्हणून गच्चीवर चोरून जिग बांधले आणि बिस्किटांच्या डब्यात लपवले.

मेहुण्याचं, श्रीशैलचं, लग्न तोंडावर आलं आणि डबा नेमका बायकोच्या हाती लागला.

"अहो, हे काय?"

मी डब्याचं झाकण लावायला हात पुढं केला.

"माझ्या ब्लाउजला लटकन केलेत व्हय? आणि मला पत्ता लागू दिला नाही!" शुभदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्यासाठी हातानं काहीतरी केलंत. हुकपण बसवलाय बघा, टाका घालायला नको!"

अशा वेळी खरं बोलणारा नवरा कुणी पाहिला असेल तर मला दाखवा. ती भाजी आणायला गेली तेवढ्यात मी पक्कड घेऊन सगळ्या हुकांची टोकं उडवली. घाईत एक राहिलं. (माझं एक नेहमी राहतंच.)

लग्नात लटकन गाजले. "ह्यांनी केलेत, स्वतः!" शुभदा सांगत होती आणि बायका आपापल्या नवऱ्यांकडं बघत होत्या. सासूबाईंनी, निंगव्वांनी, चष्मा वर करून विचारलं, "अय्यो, मोराची पिसं काय वो?"

"त्याच नात्यातली," मी म्हणालो.

मग शुभदा वडिलांच्या पाया पडली. मामांनी आशीर्वादाला पाठीवर हात ठेवला आणि राहिलेला तो एकमेव हुक त्यांच्या अंगठ्यात घुसला. ती उठली तसा अंगठा ओढला गेला आणि मामाही तिच्यामागं उठले. मी धावलो. संपलं सगळं!

पण मामा ओरडले नाहीत. त्यांनी हुक आधी मागं दाबला, किंचित वळवला आणि अलगद बाहेर काढला. रत्नदीप माशाच्या तोंडातून काढतो हुबेहूब तसा. मग लटकन ब्लाउजवरून सोडवून डोळ्यांजवळ नेलं, शिसं चिमटीत धरून बघितलं, पिसं कुरवाळली. त्यांनी माझं मनगट धरून मला आचाऱ्यांच्या मांडवामागं नेलं.

"पाव्हणं," ते कानाशी म्हणाले, "शिसं लई जड झालंय. तळाला जाऊन बसंल. आन् लाल कशाला बांधलंय? गढूळ पाण्यात पिवळं बांधायचं असतंय."

"मामा, तुम्ही?"

"सासूला बोललात तर बघा. मी बी धरून सोडतोच की."

आता रविवारी आम्ही सासरे-जावई मिळून देवदर्शनाला जातो. देव हिप्परग्यालाच आहे. मामांच्या गळाला मासे रांग लावून येतात. माझ्या गळाला शेवाळ येतं, एकदा चप्पल आली होती.

परवा रत्नदीपनं तलावावर मामांना विचारलं, "काय मामा, जावयानं आजवर काय धरलं?"

मामांनी अंगठा वर केला.

"मला. त्ये बी निसटलं."