देवराव काकांचा पाठलाग

आमच्या शेजारचे देवराव काका रिकामी जीप अंगणातून काढतानासुद्धा मान मागे वळवून विचारतात, "बसले का सगळे?" उत्तर येत नाही. काका उत्तरापुरते थांबतात आणि मगच गिअर टाकतात.

जन्मभर त्यांनी सरकारी लाल बस चालवली. निवृत्त झाल्यावर ही जुनी जीप घेतली. आमच्या ढाणकी गावात ती सगळ्यांना माहीत आहे, कारण ती पुढे असली की मागे सायकलीसुद्धा अडकतात.

मी नागपूरला सिनेमाचं शिक्षण घेतो. परीक्षेसाठी छोटी फिल्म करायची होती आणि तिच्यात पाठलाग होता. पुढे मोटारसायकलवर चोर, मागे जीपमध्ये पोलीस. चोर व्हायला वर्गमित्र विकास एका दिवसासाठी ढाणकीला आला. कॅमेरा कॉलेजचा, तो त्याच संध्याकाळी विकासबरोबर परत जायचा होता. ज्याची जीप ठरली होती त्यानं सकाळी फोनच उचलला नाही. उरले काका.

"खाकी माहीच हाय," ते म्हणाले. "पण गाडी मी माह्या हिशेबानं चालवीन."

विकासच्या मागे मी उलटा बसलो, कॅमेरा जीपवर धरला आणि "ॲक्शन" ओरडलो. विकास सुसाट सुटला. स्क्रीनवर पोलीस लहान लहान होत गेला. मग जीपच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, त्यानं रीतसर थांबण्याची खूण केली, आणि जीप लिंबाखाली उभी राहिली. गाठोडं घेतलेली एक म्हातारी आत चढली.

आम्ही परत फिरलो. "काका, चोर पळून गेला ना!"

"अन् हे बाई हात दाखवून राह्यली होती, तिचं काय? पॅसेंजर हाय बाप्पा, सोडता येते का?"

मी म्हातारीकडे वळलो. "आजी, जरा उतरता का? शूटिंग हाय."

"उतरू कायले? मले ढाणकीले जाचं हाय."

दिवस कलायला लागला होता. शेवटी चोरालाच हळू पळायला सांगितलं आणि आजीसकट पाठलाग केला. चोर तुरीच्या शेतात उडी मारतो आणि पोलीस त्याच्यावर झडप घालतो, असं मी लिहिलं होतं. विकासनं मोटारसायकल थांबवून उडी मारली. काकांनी जीप कडेला घेतली, मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "ये, बस. उन्हाचा कायले पळून राह्यला?" विकास गोंधळला आणि गुपचूप आजीशेजारी जाऊन बसला. पुढे वर्गात सगळ्यांत जास्त टाळ्या याच शॉटला पडल्या.

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात जीप उभी. काका इस्त्रीच्या खाकीत.

"आज कोणत्या रस्त्यानं?"

"काका, शूटिंग तं काल संपलं."

"माहीत हाय." त्यांनी आधीच लखलखीत असलेली काच फडक्यानं पुन्हा पुसली. "म्हटलं, काही राह्यलं असन तं."

मी पायात चपला सरकवल्या. "एक जागा पाहाची राह्यली."

पुसदच्या रस्त्याला लागल्यावर काका काकूंविषयी बोलायला लागले. काकू गेल्या त्याला वर्ष होत आलं होतं, पण त्यांचं नाव मी काकांच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. सणासुदीला काकांची ड्युटी असली की काकू तिकीट काढून त्यांच्याच बसमध्ये बसायच्या. पुसदला जायच्या आणि त्याच बसनं परत यायच्या.

"मी म्हणो, घरी राय. तं म्हणे, घरी तुमी असता कुठी?"

काकांनी गिअर बदलला.

"आता घरीच असतो," ते म्हणाले, आणि पुढच्या वळणाला त्यांनी हॉर्न दिला.